गोष्ट संपेपर्यंत बांधलेला हात

जयनगरच्या त्या घरात मला रोज जाग यायची ती काचेच्या किणकिणीने. स्वयंपाकघराच्या ओट्यावर गॅसच्या दोन शेगड्या होत्या. एकीवर मामीचं कॉफीचं पाणी, दुसरीवर मामांचा स्टीलचा लांबट डबा, आणि त्या डब्यात काचेच्या सिरिंजा उकळत असायच्या. पाण्याला उकळी फुटली की सिरिंजा एकमेकींना आणि डब्याच्या भिंतीला हलके धक्के द्यायच्या. मी अंथरुणात पडूनच ओळखायचे, आता पाणी नुसतं गरम झालंय, आता खरं उकळतंय, आता मामा चिमटा शोधतायत. चिमट्यावरून त्या दोघांचं रोज वाजायचं. मामांचा चिमटा सापडला नाही की ते बेलाशक मामीचा पापडाचा चिमटा उचलायचे आणि मामी तो हातातून काढून घ्यायची. "रक्ताचा डबा माझ्या ओट्यावर चालवून घेतला, चिमटा नाही चालवून घेणार," हे तिचं वाक्य मी त्या घरात राहिले तेवढे दिवस ऐकलं. मामा त्यावर कधी चिडले नाहीत. ते कशावरच चिडत नसत, निदान तोवर तरी.

मी निपाणीकडची. बारावीनंतर लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा करायचा म्हणून आईने मला तिच्या भावाकडे बंगळूरला पाठवलं. भावाची स्वतःचीच लॅब आहे, तर पोरीला घरबसल्या शिकायला मिळेल, असा तिचा हिशेब. लॅब म्हणजे घराची पुढची खोली. तिथे हाताला फळी जोडलेली एक खुर्ची, एक सूक्ष्मदर्शक, ट्यूब गरगर फिरवणारं एक घरघरतं यंत्र आणि भिंतीला लावलेलं बाक. साखर, हिमोग्लोबिन, लघवी एवढ्या तपासण्या मामा स्वतः करायचे. मोठ्या तपासण्यांचं रक्त बर्फाच्या डब्यातून दुसरीकडे पोहोचवायचे. पाटीवर लॅबचं नाव होतं, पण ते कुणी वाचत नसावं, कारण सगळा ब्लॉक, म्हणजे जयनगरचा आमचा भाग, मामांना 'सूजी अण्णा' म्हणायचा. कन्नडमध्ये सूजी म्हणजे सुई. मामीचं घराणं तीन-चार पिढ्यांपूर्वीच इकडे आलेलं, तिच्या मराठीत निम्मं कन्नड. "स्वल्प थांब गं," असं ती मला दिवसातून कितीदा म्हणायची कोण जाणे, आणि पुढच्या खोलीत डोकावून पेशंटांना तेच कन्नडमधून म्हणायची. पहिले काही दिवस मला दोन्हीतला फरकच कळत नसे.

माझा स्वभाव तेव्हा फार चौकस होता, म्हणजे लोकांना ताप होईल इतका. हे का, ते का, असं नाही केलं तर काय होईल. मामांना मात्र असं कुणीतरी हवंच होतं. त्यांनी मला पहिला धडा सुईचा दिला नाहीच. बोटाचा दिला. माझ्या स्वतःच्या कोपराच्या खोबणीत माझंच बोट ठेवायला लावलं आणि म्हणाले, "बघू नको. डोळं मीट. हाताला काय लागतंय ते सांग." मऊ, खाली दाबलं की पुन्हा वर येणारी, ती शीर. कडक दोरीसारखी लागते ती शीर नव्हे, स्नायूची दोरी. आणि बोटाखाली ठोका लागला तर हात काढून घ्यायचा, तिथे आपलं काम नाही. डोळ्यांना दिसणारी निळी रेघ पुष्कळदा फसवते, बोटाला लागलेली फसवत नाही. त्या दिवसापासून मी बसमध्ये, देवळात, वर्गात लोकांच्या हातांकडे बघत बसायचे. कुणाची शीर चांगली, कुणाची आत दडलेली. अजून ती खोड गेलेली नाही. परवा एका लग्नात नवऱ्यामुलाच्या हातावरची शीर बघून मी शेजारणीला म्हटलं, मुलगा छान आहे. ती समजली मी त्याच्या नोकरीबद्दल बोलतेय.

मग बाकीचं हळूहळू शिकवलं. दंडाला पट्टा बांधायचा तो कोपरापासून चार बोटं वर, आणि गाठ अशी की एका हाताने ओढली तर सुटावी. स्पिरिटचा बोळा फिरवला की थांबायचं, कातडी वाळू द्यायची, नाहीतर पेशंटला झोंबतं आणि रक्तही बिघडतं. सुईचं तिरकं तोंड आभाळाकडे. अंगठ्याने खालची कातडी जरा ताणून धरायची म्हणजे शीर पळत नाही. सुई काढायच्या आधी पट्टा सोडायचा, हे विसरलं तर हात भरून काळानिळा होतो आणि पेशंट आठवडाभर सगळ्या गल्लीला दाखवत फिरतो. रक्त ट्यूबमध्ये घालताना सुई काढून ठेवायची आणि काचेच्या कडेने सावकाश सोडायचं, धबधबा केला तर पेशी फुटतात. ट्यूब घुसळायची नाही, नुसती उलटी-सुलटी करायची. आणि ट्यूबवर नाव लिहायचं ते पेशंट समोर बसलेला असतानाच, त्याच्याच तोंडून विचारून. हे सगळं मी आज डोळे मिटून सांगू शकते, कारण पुढे उभा जन्म मी हेच केलं आणि हेच शिकवलं.

पण मामांचं खरं नाव झालं होतं ते गोष्टींमुळे. दुखत नाही, अशी त्यांच्या हाताची ख्याती होती. त्यांची पद्धत ठरलेली. पेशंटला खुर्चीत बसवायचं, पट्टा बांधायचा, त्याच्या मुठीत एक लाल रबरी चेंडू द्यायचा आणि सांगायचं, दाबा, सोडा, दाबा, सोडा. आणि मग गोष्ट सुरू. गोष्टीचा नायक त्यांचा गावाकडचा चुलतभाऊ, बाळू पैलवान. हा बाळू कुस्तीत भल्याभल्यांना आस्मान दाखवायचा, पण कोंबडीला घाबरायचा. कन्नड पेशंटांना कन्नडमधून, आमच्या बेळगाव-निपाणीच्या माणसांना मराठीतून, आणि एका तमिळ आजींना कुठल्याच धड नसलेल्या भाषेतून मामा हा बाळू ऐकवायचे. पेशंट हसला, त्याचा जीव कोंबडीच्या मागे गेला, की सुई कधी आत जायची ते त्याला कळायचंही नाही. जेवणाआधी आणि जेवणानंतर असं दोनदा साखर तपासायला येणाऱ्यांची तर मौजच. उपाशीपोटी पूर्वार्ध, जेवून आल्यावर उत्तरार्ध. शामण्णा म्हणून एक निवृत्त पोस्टमास्तर होते, ते गोष्ट अर्धी राहिली म्हणून नाश्ता भराभर आटपून वेळेच्या आधीच येऊन बसायचे, आणि मामा त्यांना घड्याळ दाखवून परत पाठवायचे. मला तो सगळा प्रकार इतका आवडायचा की मी कॉलेजची बस चुकवायचे.

आता आमच्या जे. पी. नगरच्या इमारतीत रक्त घ्यायला मुलगा मोटारसायकलवरून येतो. पाठीवर बर्फाची पिशवी, रंगीत टोपणांच्या ट्यूब, आतली हवा काढून टाकलेली, सुई लागली की रक्त आपसूक ओढलं जातं. वरच्या मजल्यावरची पुण्याची मुलगी एक हात त्याच्यापुढे करते आणि दुसऱ्याने लॅपटॉप चालवते. "काकू, तो येऊन गेला पण, मला कळलंच नाही," असं ती मला परवा सांगत होती. दुखत नाही हे खरंच. मी तिला बाळू पैलवानाबद्दल काही सांगितलं नाही, तिची मीटिंग होती.

तर, मामी. मामीच्या पोटात दुखायला लागलं. आधी तिने तोंडल्याच्या भाजीवर ढकललं, मग तेलावर, मग बनशंकरीच्या देवळात खाल्लेल्या प्रसादावर. एका दुपारी मात्र ती ओट्याशी वाकली ती सरळच होईना. पित्ताशयात खडे निघाले. सर्जन म्हणाले, ऑपरेशन करून टाकू, उगाच थांबण्यात अर्थ नाही, एखादा खडा सरकून अडकला तर जिवावर बेतेल. मामीने लगेच होकार दिला. तिला वेदनांचा कंटाळा आला होता. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासायचं होतं आणि ते अर्थातच मामांनी काढलं. मामीच्या हाताला परक्याची सुई लागू द्यायची नाही, हा त्यांचा पण होता. सगळ्यांना ठाऊक होतं की मामी सुईला घाबरते आणि मामांशिवाय कुणापुढे हात करत नाही. शिवाय तिच्या शिरा बारीक, खोल. म्हणून तिच्यासाठी बाळूची सगळ्यात लांब गोष्ट राखून ठेवलेली असायची. ती मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. कोंबडी बाळूच्या फेट्यात अंडं घालते ती. मामी चेंडू दाबत होती, हसत होती, पुढं काय झालं म्हणून विचारत होती, आणि मामा तिच्या हातावर बोट ठेवून सांगत होते. सांगता सांगता अलगद सुई घातली. मला वाटलं, नवराबायकोंमध्ये प्रेम असतं ते असं असावं.

रिपोर्ट आला आणि त्यात पोटॅशियम वाढलेलं निघालं. बरंच. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, असल्या रक्तावर मी भूल देणार नाही, हृदय बंद पडायची भीती असते. मूत्रपिंडं नीट आहेत ना बघा. बघितलं, तर बाकी सगळं ठीक. हृदयाचा आलेखही ठीक. पुन्हा रक्त काढलं, मामांनीच, आणखी हळुवारपणे, आणि आकडा थोडा वरच गेला. मग पथ्य सुरू झालं. ज्या घरात वेलची केळी घडाने यायची तिथे केळं बंद. शहाळं बंद. टोमॅटो, बटाटा, पालक बंद. डाळ आणि भाज्या आधी पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायचं. मामी त्या फेकलेल्या पाण्याकडे बघत उभी राहायची. "सत्त्व सगळं मोरीत चाललंय, आणि मी सारू कशाचं करू, चोथ्याचं?" सारू म्हणजे तिचं रोजचं सार. तरी ती ते इमानाने पाळायची. मामाही तिच्याबरोबर तेच बेचव जेवायचे. मी मात्र कॉलेजच्या कँटीनमध्ये मसाला डोसा खायचे आणि घरी येऊन भूक नाही म्हणायचे.

एकदा तिला दवाखान्यात दाखलही केलं. पथ्याने आता आकडा उतरला असेल म्हणून. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डातली सिस्टर ट्रे घेऊन आली, तर मामा आपली पिशवी घेऊन आधीच हजर. सगळे दवाखाने त्यांना ओळखत होते. सिस्टर हसली आणि बाजूला झाली. मामांनी खाटेच्या कडेला बसून पट्टा बांधला, चेंडू दिला, आणि शेजारच्या खाटांवरच्या बायकाही मान वळवून ऐकायला लागल्या, म्हणून गोष्ट नेहमीपेक्षा रंगली. सकाळी रिपोर्ट आला, आकडा तसाच चढलेला, आणि आम्ही मामीला पिशवीसकट घरी घेऊन आलो. रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा ती म्हणाली, "काहीतरी मोठं असणार. डॉक्टर सांगत नाहीयेत." मामांनी तिचा हात धरला आणि बाहेर बघत राहिले. त्या दिवसांत पोटाचे झटके वाढले होते. ती रात्री उठून बसायची आणि सकाळी कुणाला सांगायची नाही, पण डोळ्यांवरून कळायचं. मला पहिल्यांदाच त्या घरात भीती वाटायला लागली. ही बाई ऑपरेशनवाचून मरेल की काय, असं मनात यायचं आणि मी ते ढकलून द्यायचे.

आमच्या कॉलेजात ललिता मॅडम म्हणून शिक्षिका होत्या. म्हैसूरकडच्या, कडक, पण प्रश्न विचारलेले आवडणाऱ्या. एक दिवस त्या रक्त काढताना होणाऱ्या चुका शिकवत होत्या. पट्टा मिनिटाच्या आत सुटला पाहिजे, असं त्या म्हणाल्या. जास्त वेळ राहिला, त्यातून पेशंट मूठ उघडझाप करत राहिला, तर स्नायूंमधलं पोटॅशियम रक्तात उतरतं. मी नेहमीप्रमाणे हात वर केला. किती उतरतं? मॅडम म्हणाल्या, "मला काय विचारतेस? तुला दोन हात आहेत ना?" वर्ग हसला. पण मला ते खरंच करून बघायचं होतं, आणि त्यांनी करू दिलं. माझ्या मैत्रिणीने माझ्या उजव्या हाताचं रक्त काढलं, पट्टा बांधला न बांधला तोच सोडून, मूठ न वळू देता. मग डाव्या हाताला पट्टा बांधून ठेवला. मी रुमालाचा बोळा करून मुठीत धरला आणि दाबत राहिले. दाबा, सोडा. बोटं जांभळी झाली, मुंग्या आल्या, आणि मी माझ्या त्या हाताकडे बघत राहिले. हा हात मी पाहिला होता. खुर्चीच्या फळीवर, वॉर्डातल्या खाटेवर, लाल चेंडू दाबणारा.

दोन्ही ट्यूबवर मी स्वतः नाव आणि हात लिहिला. रक्त गोठून वरचं पिवळं पाणी सुटं झालं, ते ज्योतीवर तपासायचं यंत्र होतं तेव्हा. उजव्या हाताचा आकडा नेहमीचा. डाव्या हाताचा थेट मामीच्या रिपोर्टासारखा. मी ठणठणीत पोरगी, त्याच सकाळी दोन डोसे खाल्लेली, आणि अर्ध्या मला भूल देता आली नसती. मला आधी हसू आलं, अगदी खदखदून, आणि मग बसमध्ये बसल्यावर रडू आलं. मामीच्या रक्तात काहीच बिघडलेलं नव्हतं. आणि हे मामांना सांगायला मीच होते. इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही, हेही मला वाटेत उलगडलं. साखरेला, हिमोग्लोबिनला त्याचा फारसा फरक पडत नाही, आणि मामांकडे येणारे बहुतेक त्याच तपासण्यांसाठी यायचे. शिवाय इतकी लांब गोष्ट मामीखेरीज कुणाच्या वाट्याला येतच नव्हती.

जेवताना सांगितलं. वळसे घेत सांगायचं ठरवलं होतं, पण मला ते कधीच जमलं नाही. मी दोन्ही हात ताटापुढे उताणे ठेवले, एकेका हातावरचा कापूस दाखवला आणि आकडे सांगितले. मामांचा घास हातातच राहिला. "म्हंजे माझ्यामुळं?" ते म्हणाले.

"पट्ट्यामुळं," मी म्हटलं. "आणि चेंडूमुळं."

"पट्टा कोण बांधतंय?" त्यांनी विचारलं. मग जरा आवाज चढवून, "इतकी वर्सं झाली, एक माणूस आलाय का तक्रार घेऊन? दुखलं म्हणून आलाय कोण? तुझ्या मॅडमना म्हणावं, पेशंट भ्यालेला असताना मिनिटात शीर शोधून दाखवा की." ते उठले, हात धुतला आणि पुढच्या खोलीत जाऊन बसले. मामीने त्यांचं ताट झाकून ठेवलं. मला वाटलं ती मला बोलेल. ती म्हणाली, "सरी," म्हणजे बरं, "तू खा आधी. म्हणजे माझी मूत्रपिंडं बरी आहेत ना?" मी हो म्हटलं. ती तिथेच भिंतीला टेकून बसली आणि तिने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गोष्ट नव्हती. मामा पट्टा बांधायचे, शीर शोधायचे, सुई घालायचे, पट्टा सोडायचे, पुढचा. चेंडू कपाटात गेला. माणसं गोंधळली. शामण्णांनी हात फळीवर ठेवून वाट बघितली, आणि कापूस लावला तेव्हा विचारलं, "अण्णा, बाळूचं काय झालं?" मामा म्हणाले, "काही नाही. गावाला गेलाय." शामण्णा जाताना मला हळूच विचारून गेले, घरात कुणाचं काही झालं का. मला फार वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर मी घड्याळाकडेही बघत होते. गोष्ट नसताना एकाचाही पट्टा मिनिटभर राहत नव्हता. मामांचा हात इतका तयार होता की त्यांना गोष्टीची गरजच नव्हती, असं मला वाटलं. ते चूक होतं, हे मला पुढच्याच सकाळी कळलं.

मामांनी रात्रभर विचार केला असावा. सकाळी ते स्वतःच मामीला म्हणाले, "चल गं, तुझं रक्त घेतो. गप्प राहून घेतो." मामी पदर खोचून खुर्चीत बसली. त्यांनी पट्टा बांधला, बोटाने शीर चाचपली, पट्टा सोडला, स्पिरिट लावलं. सगळं पुस्तकात लिहावं असं. मग पुन्हा पट्टा बांधून सुई हातात घेतली आणि मी बघितलं, तिचं टोक थरथरत होतं. कालच्या दिवसात एवढ्या जणांना टोचणारा तो हात, बायकोच्या कातडीपासून बोटभर अंतरावर हलत होता. त्यांचे ओठ उघडले, मिटले. त्यांनी पट्टा सोडला, सुई ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सुमे, तू घे."

मी तोवर वर्गातल्या मुलींखेरीज कुणाला टोचलं नव्हतं. आणि मामीच्या शिरा बारीक. मामा व्हरांड्यात जाऊन पाठमोरे उभे राहिले. मी हात धुतले. डोळे मिटून तिच्या कोपराच्या खोबणीत बोट ठेवलं, काही लागेना, जरा बाहेरच्या बाजूला सरकले, आणि खोलवर काहीतरी मऊ उसळल्यासारखं झालं. पट्टा बांधला. मूठ वळू नको, असं सांगितलं. मामी घाबरून हात आखडेल म्हणून मी तिचं मनगट दाबून धरणार होते, पण तिचा हात फळीवर अगदी सैल पडला होता, आणि ती सुईकडे डोळे भरून बघत होती. सुई आत गेली. सिरिंजमध्ये रक्त आलं. मी पट्टा सोडला.

"एवढं काळं का गं?" मामीने विचारलं. "मला वाटलं लालभडक असेल."

"शिरेतलं असंच असतं."

"आणि हे आपसूक वर येतंय की तू ओढतेस?"

"जरा ओढतेय."

"बघू दे स्वल्प," ती म्हणाली आणि मान आणखी पुढे काढली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पुढच्या खोलीत रोज हेच चालायचं, आणि तिने स्वतःचं रक्त निघताना कधी बघितलंच नव्हतं. मी सुई काढली, कापूस दाबला, हात सरळ ठेव म्हणून सांगितलं. ट्यूबवर नाव लिहायच्या आधी नियमाप्रमाणे तिला तिचं नाव विचारलं, आणि तिनेही अगदी गंभीरपणे आडनावासकट सांगितलं. मामा आत आले, कुणाकडे न बघता ट्यूब घेतली, बर्फाच्या डब्यात ठेवली, आणि स्कूटर काढून निघून गेले.

स्कूटरचा आवाज कोपऱ्यावर वळला तेव्हा मी विचारलं, "मामी, तू तर मुळीच घाबरली नाहीस."

"मी कधी घाबरत होते?" ती कापूस दाबत म्हणाली. मग ती सांगायला लागली. लग्न होऊन ती त्या घरात आली तेव्हा लॅब नवीन होती. तिला ताप आला म्हणून मामांनी तिचं रक्त काढायला घेतलं, आणि हात असा कापायला लागला की दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, मला भीती वाटतेय, काहीतरी बोला ना, गावाकडचं काहीतरी सांगा. मामा बाळूबद्दल सांगायला लागले. सांगता सांगता हाताचं कापणं थांबलं. सुई बरोबर गेली. "तेव्हापासनं माझ्या हाताला सुई लावायची म्हटली की मीच म्हणते, भीती वाटते, गोष्ट सांगा. मग ते इतरांनाही सांगायला लागले. लोकांना आवडलं. त्यांना वाटतं, मी भित्री आहे म्हणून गोष्टी सुरू झाल्या." तिने कापूस उचलून बघितलं, रक्त थांबलं होतं. "आता तू त्यांना सांगत बसू नको काही. बोलण्यासारखं तुझं परवा बोलून झालंय."

मामा दुपार कलल्यावर आले. स्कूटर स्टँडवर लावायलाही थांबले नाहीत, कंपाउंडच्या भिंतीला टेकवली. हातात कागद होता. पोटॅशियम अगदी जिथे असायला हवं तिथे होतं. सर्जनना ते परस्पर भेटून आले होते, ऑपरेशन त्याच आठवड्यात करायचं ठरलं होतं. हे सगळं त्यांनी एका दमात सांगितलं, कागद माझ्या हातात दिला आणि मामीपुढे खाली जमिनीवर बसले. तिच्या हातावरचा सुईचा ठिपका बघितला, अंगठ्याने भोवतालची कातडी दाबून बघितली, कुठे सूज आहे का. नव्हती. बराच वेळ तो हात त्यांनी सोडला नाही. मग खाली मान घालून विचारलं, "फार भ्यालीस का गं सकाळी? मी बाहेर होतो ते."

मामीने एकदा माझ्याकडे बघितलं.

"भ्याले की," ती म्हणाली. "तुम्ही नव्हता ना."